डेस्कटॉप, लॅपटॉप की कन्सोल? तिन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

गेले अनेक महिने आमच्या घरी गेम खेळण्यासाठी तिन्ही साधने वापरात आहेत: आतल्या खोलीतला डेस्कटॉप, कामासाठी घेतलेला गेमिंग लॅपटॉप आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीला जोडलेला सोनीचा कन्सोल, प्लेस्टेशन ५. यांपैकी सर्वांत ताकदवान कोणते, याची चर्चा भरपूर झालेली आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला रात्रीच्या जेवणानंतर जो तास-दीड तास मिळतो, त्यातला किती वेळ प्रत्यक्ष खेळण्यात जातो, हाच माझ्या दृष्टीने सोयीचा खरा निकष आहे.

या निकषावर कन्सोल निर्विवादपणे पुढे आहे आणि त्याचे मुख्य श्रेय रेस्ट मोडला, म्हणजे यंत्र पूर्ण बंद न करता झोपवून ठेवण्याच्या सोयीला, द्यावे लागेल. लढाई अर्धवट टाकून उठावे, दुसऱ्या दिवशी कंट्रोलरचे बटण दाबावे आणि खेळ नेमका त्याच जागी पुढे सुरू व्हावा, हे सुख डेस्कटॉपवर भरवशाने मिळत नाही. तेथे कधी विंडोजचे अपडेट येते, कधी ग्राफिक्स ड्रायव्हरचे, तर कधी नवा गेम प्रथमच उघडल्यावर शेडर (पडद्यावरचे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत नुसते बसून राहावे लागते. प्रत्येकाच्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड वेगळे असल्यामुळे हे काम त्याच्याच यंत्रावर करावे लागते. कन्सोलचे हार्डवेअर ठरलेले असल्याने निर्माते शेडर आधीच तयार करून देतात. धनुष्याची दोरी ताणताना ड्युअलसेन्स कंट्रोलरचा ट्रिगर बोटाला जो विरोध करतो, त्याची मला अजूनही अपूर्वाई वाटते.

कन्सोलचा खर्च मात्र खरेदीपाशी थांबत नाही. विकतचे गेम ऑनलाइन इतरांबरोबर खेळायचे असतील, तर प्लेस्टेशन प्लस या सदस्यत्वाचे शुल्क भरावेच लागते. फोर्टनाइटसारख्या मोफत गेमना ते लागत नाही. सुरुवातीच्या मॉडेलमधील ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबी जागाच वापरता येते आणि मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात, त्यामुळे जागा वाढवणाऱ्या एम.२ एसएसडीसाठी पैसे बाजूला ठेवावेत. डिस्क ड्राइव्ह असलेलेच मॉडेल घ्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण खेळून झालेली डिस्क विकता येते किंवा मित्राशी बदलता येते.

लॅपटॉपबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण दुकानात ‘दोन्ही कामे होतील’ या एका वाक्यावर तो घेतला जातो. आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्डाचे नाव डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हीकडे दिसते. पण डेस्कटॉपच्या कार्डाला १२ जीबी मेमरी आणि २०० वॅटपर्यंत वीज मिळते, तर लॅपटॉपमधील चिप लहान असून मेमरी ८ जीबी असते. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-अवरच्या आतच ठेवली जाते. खेळताना यंत्र दीडशे वॅट ओढू लागले, तर ती तासभरही पुरणार नाही. म्हणून चार्जर काढताच यंत्र स्वतःहून वेग उतरवते. थोडक्यात, जड चार्जर आणि भिंतीवरचा प्लग यांपासून सुटका नाही. उन्हाळ्यात डब्ल्यू-ए-एस-डी या हालचालीच्या कळांखालचा भाग बोटांना चांगलाच तापलेला लागतो आणि पंख्याच्या आवाजामुळे हेडफोन लावावाच लागतो. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी मात्र लॅपटॉपच योग्य आहे, कारण त्यांना यंत्र रोज हलवायचे नसते, तर वर्षाकाठी बिऱ्हाडासकट हलवायचे असते.

डेस्कटॉप मी तरीही काढणार नाही. काउंटर-स्ट्राइक २ कन्सोलवर उपलब्धच नाही आणि व्यूहरचनेचे गेम माउसशिवाय खेळण्यात मला गोडी वाटत नाही. स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम पसंत पडला नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास परत करता येतो, हा मोठाच आधार आहे. सोनीचे बरेच गेमही उशिरा का होईना, संगणकावर आले आहेत; गॉड ऑफ वॉर राग्नारोक नोव्हेंबर २०२२ मध्ये प्लेस्टेशनवर आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये संगणकावर.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, त्याचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो. कन्सोल बंद पडतो, पुन्हा लावल्यावर स्टोरेजची तपासणी करतो आणि शेवटच्या सेव्हनंतरची प्रगती गमावलेली असते. कन्सोल व डेस्कटॉप दोघांनाही पुरेशा क्षमतेचा यूपीएस जोडावा आणि त्याची किंमत यंत्राच्या किमतीतच धरावी.