कपॅसिटर डिस्चार्ज करायचाय: रेझिस्टरमधून की कॉईलमधून?

एसएमपीएसचा (कॉम्प्युटर, टीव्हीमधल्या स्विचिंग पॉवर सप्लायचा) प्लग काढला तरी आतला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर भरलेला असू शकतो. समजा तो २२० मायक्रोफॅरडचा आहे आणि २३० व्होल्ट एसीवरून ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज झालाय. म्हणजे पोटात सुमारे ११.६ ज्यूल.

दुरुस्तीला बसला असाल तर रेझिस्टरच, दुसरा विचार नको. १० किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड (तार गुंडाळलेला) रेझिस्टर लावला की सुरुवातीला ३२ मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहतो आणि तिथून उतरतच जातो. आर गुणिले सी, म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, आले २.२ सेकंद. तेवढ्यात व्होल्टेज १२० वर येतं, ११ सेकंदांत दोन-अडीचवर. पाव वॉटचा रेझिस्टर मात्र जळेल. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे बहाद्दर असतातच, त्यांच्या नादी लागू नका. शेवटी मल्टिमीटर लावा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावा. काही व्होल्ट परत चढलेले दिसतात.

कॉईलची तऱ्हा निराळी. करंट शून्यापासून चढतो आणि कपॅसिटर रिकामा होतो तेव्हा ऐन भरात असतो. कॉईल तो एकदम थांबू देत नाही, त्यामुळे कपॅसिटर उलटा चार्ज होतो. वरच्याच कपॅसिटरला १ मिलिहेन्रीची, अर्ध्या ओहमची कॉईल लावा: शंभरावर अँपिअरचा झटका, आणि दीड मिलिसेकंदात सव्वादोनशे व्होल्ट उलटे. इलेक्ट्रोलिटिकला उलटं व्होल्टेज चालत नाही; तो याने फुगतो, फुटूही शकतो. सर्किटचा एकूण रेझिस्टन्स सव्वाचार ओहमच्या वर नेला तर हे झुलणं थांबतं, पण मग कॉईल हवीच कशाला?

हवी, जर ऊर्जा वाया घालवायची नसेल तर. भरलेल्या कपॅसिटरमधून तेवढ्याच क्षमतेच्या रिकाम्या कपॅसिटरमध्ये चार्ज जाऊ द्या. मध्ये रेझिस्टर असेल तर निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते, मग तो १ ओहमचा असो की १ किलोओहमचा. कॉईल आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर जवळजवळ सगळी पलीकडे पोचते. झटक्याला आकार द्यायलाही कॉईलच लागते: १९६२ मध्ये हृदयतज्ज्ञ बर्नार्ड लाउन यांनी पुढे आणलेल्या डीसी डिफिब्रिलेटरमध्ये (विजेच्या झटक्याने हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या यंत्रामध्ये) कपॅसिटर कॉईलमधूनच छातीवर रिकामा व्हायचा, म्हणजे करंटचं टोक बोथट होऊन झटका थोडा लांबायचा.

कॉलेजच्या प्रयोगात दोन्ही बघायचं असेल तर उलट्या व्होल्टेजने न बिघडणारा फिल्म कपॅसिटर घ्या, १२ व्होल्टवरच राहा आणि ऑसिलोस्कोप सिंगल ट्रिगरवर ठेवा, म्हणजे एकदाच येणारी लहर पडद्यावर पकडली जाईल.