पेठ की वाकड? घरात गाडी कोण चालवत नाही, ते आधी बघा

पुण्यात घर बघणाऱ्यांची यादी हल्ली वाकड, बाणेर, रावेत अशीच सुरू होते. मग कुणीतरी म्हणतं, "पेठेत का नाही बघत?" आणि घरात दोन तट पडतात. एकीकडे टॉवर, राखीव पार्किंग, क्लब हाउस. दुसरीकडे पेठ, म्हणजे जुन्या पुण्यातली वस्ती; लक्ष्मी रोड, तुळशीबाग आणि मंडई चालत जाण्याइतकी जवळ. दोन्हीकडे राहणारी माणसं माझ्या घरातलीच आहेत आणि माझं मत पक्कं आहे. हा निर्णय बहुतेक घरांत गाडी चालवणाऱ्याच्या सोयीनं होतो. खरं तर तो गाडी न चालवणाऱ्याकडे बघून व्हायला हवा.

माझी मावशी सदाशिव पेठेत राहते. सत्तरी ओलांडली आहे, दुचाकीसुद्धा कधी चालवली नाही. सकाळी पेरूगेटच्या बाजूनं भाजी घेते, बँकेत पासबुक भरून आणते, येताना औषधं. चष्म्याची काडी निघाली, मिक्सरचं भांडं गळायला लागलं, ब्लाउज शिवायचा आहे, यातल्या कशासाठीही तिला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. संध्याकाळी टिळक स्मारक किंवा भरत नाट्य मंदिरात काही असलं तर चालत जाते, चालत येते. मुलाकडे वाकडला गेली की घर मोठं, हवेशीर, खाली बाग, बसायला बाक, बोलायला चार बायका. पण गेटच्या बाहेरचं कुठलंही काम निघालं की रिक्षा मोबाइलवरून बोलवायची, ती तिला जमत नाही. मग सून ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं, नाहीतर रविवारची वाट बघायची. तिथे तिची आबाळ मुळीच होत नाही, सगळे जपतात. तरी आठ-दहा दिवसांत ती परत जायचं नाव काढते.

शाळकरी मुलांचंही साधारण असंच. सहावी-सातवीतलं मूल पेठेत शाळेला, क्लासला, वाचनालयात एकटं जाऊ शकतं. भावे स्कूल, नूतन मराठी, हुजूरपागा, ज्ञान प्रबोधिनी या सगळ्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, तेही लक्ष्मी रोडवरच. वाकडला मुलाला खेळायला जागा कितीतरी जास्त मिळते आणि ती गाड्यांपासून सुरक्षित असते, हे मोठं सुख आहे. पेठेतल्या मुलांना पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या मधे क्रिकेट खेळताना बघितलं की वाईट वाटतं. सीबीएसईचीच शाळा हवी असेल तर उपनगरात निवडीला वाव जास्त आहे. मूल चार वर्षांचं असेल तर मी वाकडकडे झुकेन, बारा वर्षांचं असेल तर पेठेकडे.

आता नोकरी. नवरा-बायको दोघंही हिंजवडीच्या आयटी पार्कला रोज जाणार असतील तर पेठेचा विचार फार पुढे नेऊ नका. नदी ओलांडून, विद्यापीठ चौकातून रोज जायचं आणि यायचं, यात माणूस पिळून निघतो. पण दोघांपैकी एकच तिकडे जात असेल आणि तेही आठवड्यातून दोन-तीन दिवस, तर गणित बदलतं. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रोचा भुयारी टप्पा स्वारगेटपर्यंत सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं थेट जुन्या गावाच्या पोटात आली. पिंपरी, शिवाजीनगर किंवा सिव्हिल कोर्टला (स्थानकाचं आताचं नाव जिल्हा न्यायालय) गाडी बदलून कोथरूड, येरवडा, रामवाडी, एवढं सगळं पेठेतून गाडी न काढता होतं. हिंजवडी–शिवाजीनगर ही तिसरी मार्गिकाही सिव्हिल कोर्टलाच येऊन मिळेल अशी आखलेली आहे.

पेठेत खरी परीक्षा होते ती चारचाकीची. शिवाजी रोड आणि बाजीराव रोड एकेरी, आतल्या गल्ल्या त्याहून अवघड. पी-१, पी-२ च्या पाट्या बघून सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची. तारीख बदलली आणि गाडी हलवायची राहिली की सकाळी जागेवर गाडी नसते. नव्या इमारतींमध्येही बऱ्याचदा एकामागे एक दोन गाड्या लागतात, म्हणजे पहाटे निघायचं तर शेजाऱ्यांना उठवा. रोज चारचाकी काढणारं घर असेल आणि करारात पार्किंगचा क्रमांक लिहून मिळत नसेल, तर पेठेतलं घर घेऊ नये, मग ते कितीही आवडलेलं असो. दुचाकीवर भागत असेल तर एवढी चिंता नाही.

पाण्याच्या बाबतीत पेठेचं पारडं जड आहे आणि लोक याकडे फार कमी लक्ष देतात. पेठांना पर्वतीच्या जलकेंद्रातून महापालिकेचं पाणी येतं. ठरावीक वेळीच येतं, दुरुस्तीसाठी अधूनमधून एखादा गुरुवार बंद असतो, पण येतं. पिंपरी-चिंचवडमध्ये, म्हणजे वाकडलाही, २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं आणि मोठ्या सोसायट्यांना टँकरची सवय लागली. टँकर, तीन-चार लिफ्ट, सुरक्षारक्षक, पोहण्याचा तलाव, हे सगळं मिळून महिन्याचा मेंटेनन्स फुगतो. पेठेतल्या दहा-बारा बिऱ्हाडांच्या इमारतीला तो खर्च नाही. घर बघताना फक्त हप्ता मोजू नका, वाकडच्या सोसायटीची गेल्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं मागून बघा.

जागेच्या बाबतीत मात्र पेठेत मन घट्ट करावं लागतं. त्याच पैशात बहुतेक वेळा एक खोली कमी मिळते. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींचे प्लॉट अरुंद, त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी कित्येकदा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत, उघडते आणि भर दुपारी ओट्यापाशी दिवा लावावा लागतो. दलालाला सगळे दिवे बंद करायला सांगून घर बघा. जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर म्हातारी माणसं नेऊ नका. वर सांगितलेला पेठेचा सगळा फायदा त्या जिन्यात संपतो.

शनिवारवाड्याच्या आसपास बघत असाल तर आणखी एक गोष्ट. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, असा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. त्यामुळे कसब्यातले आणि शनिवार पेठेतले कितीतरी वाडे मोडकळीला येऊनही पुनर्विकासाविना अडकले आहेत. 'रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे' या बोलीवर तिथली जुनी जागा घेऊ नका. नदीकाठच्या बाजूला, नारायण पेठेच्या खालच्या अंगाला, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारा. भिडे पूल तर आजही पावसाळ्यात पाण्याखाली जातो.

गणपतीचे दिवस हा पेठेत राहण्याचा सगळ्यात मोठा आनंद आहे आणि सगळ्यात मोठा त्रासही. संध्याकाळपासून रस्ते वाहनांना बंद, विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते आणि ढोल-ताशापेक्षा स्पीकरच्या भिंतींनी काचा थरथरतात. घरात तान्हं बाळ किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर त्या दिवसांत दुसरीकडे राहायची सोय आधीच करून ठेवावी लागते. बाकी वर्षभर गल्लीत सतत जाग असते ती स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या खोल्या, रात्री अकरालाही चहाच्या टपरीवर गर्दी. कुणाला हा गलका वाटतो. मावशीला त्या मुलांचा आधार वाटतो; गॅसची टाकी वर चढवायला तिला कधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागलेली नाही.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी पेठेत अकरा महिन्यांच्या करारावर राहून बघा, आणि करार असा सुरू करा की पावसाळा आणि गणपती दोन्ही त्यात येतील. नंतर विकत घ्यायचं ठरलंच तर भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालंय का आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का ते बघा, आणि जुन्या वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंशी बिल्डरचे करार पुरे झालेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या. पेठेत एका भाडेकरूच्या दाव्यापायी इमारत वर्षानुवर्षं अडकून पडू शकते.