पसरणी घाटात चौदा महिने: बीएस-६ गाडीचा अनुभव

नोकरीसाठी मी रोज वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जातो. आधीची १०० सीसी दुचाकी २०१२ ची, कार्बोरेटरवाली, बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुरावरचे सरकारी नियम; आकडा मोठा तितके ते कडक). आता इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मोजून सोडणारी १२५ आहे, बीएस-६. चौदा महिन्यांत नऊ हजार किलोमीटर झाले.

सगळ्यात मोठा फरक वासाचा. थंडीत जुनी गाडी चोक ओढून दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवावी लागे. बोळभर कच्च्या पेट्रोलचा वास, आणि आईला खोकल्याची उबळ. आता बटण दाबलं की निघालो. आई सकाळी खिडकी उघडी ठेवते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमाचं मोल मला तिथं कळलं. पेट्रोलमधलं गंधकही तेव्हाच ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भाग) आलं.

घाट उतरायची सवय मात्र बदलावी लागली. पूर्वी पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायचो. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला, की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. म्हणजे न्यूट्रलमध्येच ते जास्त जळतं, शिवाय ब्रेक तापतात. रिझर्व्हपर्यंत टाकी रिकामी करणंही सोडलं. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

सातव्या महिन्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आमच्या फिटरनं बावीस वर्षं माझ्या गाड्या सांभाळल्यात. त्यांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "सर, स्कॅनर नाही माझ्याकडं." स्कॅनर म्हणजे गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र. सर्व्हिस सेंटरला गाडी तीन दिवस अडकली. निघालं काय, तर ऑक्सिजन सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली! नियम कडक झाले ते योग्यच, पण गावोगावच्या फिटरना स्कॅनर आणि शिक्षण मिळायलाच हवं. माणूस हुशार आहे, हत्यार नाही.

आणखी एक, कळकळीनं सांगतो. भाचा मागं लागलाय, मामा, फटाके वाजवणारा सायलेन्सर बसवू. मूळ सायलेन्सरच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी धूर तोच मारतो. तो काढला तर गाडी कागदावर बीएस-६, आणि बोळात पुन्हा तोच धूर. भाच्याला मी आजीच्या खिडकीशी उभं करून हे समजावलं. सायलेन्सर कंपनीचाच आहे.