सोलापुरातून भिंतीवरची चित्रं बघायला जायचंय, मुंबई का हैदराबाद?

दोन दिवस सुट्टी आहे, स्ट्रीट आर्ट बघायचंय, मग मुंबईला जाऊ का हैदराबादला, असं मागच्या महिन्यात दोघातिघांनी विचारलं. मी दोन्हीकडं फिरून आलोय. पहिल्यांदाच जाणार असाल तर मी हैदराबादच म्हणेन.

हैदराबादला राजभवन रोडला लागून एम. एस. मक्ता नावाची वस्ती आहे, तिथं २०१६ ला स्ट्रीट आर्टचं काम करणाऱ्या स्टार्ट इंडिया फाउंडेशननं चित्रकार आणून घरांच्या भिंती रंगवून घेतल्या. सगळं एकाच वस्तीत, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत शिरलं की पुढची भिंत, रिक्षा नाही न मॅप नाही, दोन-तीन तासात निवांत बघून होतं. स्वाती आणि विजय हे हैदराबादचेच चित्रकार नवरा-बायको, त्यांनी काढलेली तेलंगणातली गावाकडची माणसं बघताना मला आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या आज्ज्याच आठवल्या, तसंच मोठं कुंकू, तशीच नजर. आणि भाषेचं म्हणाल तर आपल्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातलं कुणी बरोबर असेल तर अर्धं काम तिथंच झालं, माझा मित्र तेलुगूत दोन वाक्यं बोलला आणि एका मावशीनं स्वतःच्या घराची मागची भिंत दाखवायला आत बोलावलं. काही रंग उडालेत, एका चित्रावर तर पाण्याचा पाईप आलाय, पण लोक तिथं राहतायत, ते तसंच असणार.

जायला पहाटेची हुसेनसागर एक्स्प्रेस पकडा. नामपल्लीला उतरून मेट्रोनं खैरताबाद, तिथनं रिक्षा.

मुंबईचा प्रकार मोठा आहे, नामवंत आहे, पण विखुरलेला आहे. वांद्र्याला चॅपेल रोड आणि रणवारच्या गल्ल्या, रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ ला काढलेले दादासाहेब फाळके, चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रानं काढलेले गांधीजी, माहीम-दादरकडं सेनापती बापट मार्गाची रेल्वेची लांबलचक भिंत जी २००९ ला लोकांनी रंगवली, आणि कुलाब्याला ससून डॉक हे मासळीचं बंदर. हे सगळं एका दिवसात बसवायला गेलात तर निम्मा वेळ लोकलमध्ये जातो, मी तेच केलं आणि ससून डॉकला पोचलो तेव्हा बाजार उठला होता.

म्हणून मुंबई निवडली तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जा, ती सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथनं आधी ससून डॉक, मासळीचा बाजार भरलेला असतानाच. डॉक १८७५ चा आहे, दगडी भिंती आणि त्यावर ताजे रंग हे बघण्यासारखंच आहे, पण कॅमेरा काढायच्या आधी विचारा. मग हार्बर लाइनच्या लोकलनं वांद्रे, बाकीचा पूर्ण दिवस तिथंच द्या. चॅपेल रोडची मजा म्हणजे तिथं चित्रं बदलत राहतात, एकावर दुसरं चढतं, मी दुसऱ्यांदा गेलो तर आवडलेली एक मांजर पुसून तिथं वेगळंच काहीतरी आलेलं, वाईट वाटलं पण ग्राफिटीचं जग असंच चालतं आणि हे तुम्हाला मक्त्यात तेवढं जाणवणार नाही. ज्याला स्वतःला चित्र काढायचंय, स्प्रे आणि स्टेन्सिलचे वेगवेगळे हात बघून शिकायचंय, त्यानं सरळ मुंबईच गाठावी.

खर्चाला मुंबई जड पडते, मुख्यतः राहण्याला, वांद्र्यात तर विचारूच नका. घरातली मोठी माणसं किंवा लहान पोरं बरोबर असतील तरी हैदराबाद, संध्याकाळी हुसेनसागर तलावाच्या काठाला बसता येतं.

पावसाळ्यात दोन्हीकडं नको. दिवाळीनंतर जा, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी परत या.