मॉडेम झोपवायचा की सरळ बंदच करायचा? स्लीप, ईडीआरएक्स, पीएसएम आणि पॉवर ऑफ

विहिरीची पाणीपातळी कळवणारं वगैरे काही बॅटरीवर बनवताय ना, ज्यात मोबाईल नेटवर्कवरून डेटा पाठवणारा मॉडेम आहे, मग डेटाशीटमधला स्लीप करंट नंतर बघा, आधी हे ठरवा की बाहेरून तुम्ही डिव्हाइसला हाक मारणार आहात का, की ते आपलं आपण डेटा पाठवून गप्प बसणार. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

साध्या स्लीपमध्ये मॉडेम नेटवर्कला धरून असतो, एसएमएस आला की लगेच जागा. सिम८००एल हा टूजी मॉडेम असा झोपला तरी साधारण १ मिलिअँप खातो, म्हणजे २६०० एमएएचचा सेल काही न पाठवताच साडेतीन महिन्यांत खलास. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायची असेल तर मात्र हाच घ्या, तिथे तशीही लाईट असते आणि बॅटरी फक्त लोडशेडिंगपुरती. (जिओचं सिम त्यात घालू नका, जिओला टूजी नाहीच.)

मग लोक म्हणतात पॉवरच काढतो. काढा, पण प्रत्येक वेळी नेटवर्क शोधणं, रजिस्टर होणं आलं. सरासरी १०० मिलिअँप आणि ३० सेकंद धरा, एका खेपेला ०.८३ एमएएच गेले. १ मिलिअँपचा स्लीप दिवसाला २४ एमएएच खातो, त्यामुळे दिवसातून २८-२९ वेळांपेक्षा जास्त पाठवणार असाल तर बंद करण्यात तोटाच, आणि एकदाच पाठवणार असाल तर बंद करणं कितीतरी स्वस्त. रेंज वीक असेल तर हे ३० सेकंद वाढतात ते वेगळंच.

एनबी-आयओटीवाल्यांनी (थोडाच डेटा पाठवणाऱ्या उपकरणांसाठीचं मोबाईल नेटवर्क) पीएसएम, म्हणजे पॉवर सेव्हिंग मोडची गाढ झोप, घ्यावा असं माझं मत. बीसी६६ हा एनबी-आयओटी मॉडेम त्यात साडेतीन मायक्रोअँपच्या आसपास बसतो आणि रजिस्ट्रेशनही टिकतं, फक्त झोपेत त्याला कुणी गाठू शकत नाही. गोम अशी की तुम्ही मागितलेला झोपेचा टायमर नेटवर्क देईलच असं नाही, नुसतं ओके आलं म्हणून खूश होऊ नका, मॉडेमला एटी+सीईआरईजी=४ ही कमांड देऊन खरंच काय मिळालंय ते बघा.

ईडीआरएक्स हा या दोन्हींच्या मधला मार्ग, त्यात मॉडेम ठराविक वेळाने कान उघडतो. ठिबकचा व्हॉल्व्ह पाच-साडेपाच मिनिटं उशिरा उघडला तर चालत असेल तर ३२७.६८ सेकंदांची सायकल मस्त. हेही नेटवर्कच्या मर्जीवर.

आणि हे सगळं करून बोर्डावर एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर ठेवलात तर तो एकटाच ५ मिलिअँप पितो, मग पीएसएम कशाला केला! पॉवर ऑफवाल्यांनी मायक्रोकंट्रोलरची टीएक्स (मॉडेमला डेटा पाठवणारी) पिनही लो करावी, नाहीतर त्या वायरीतून बंद मॉडेमला करंट जात राहतो आणि तो धड बंद नाही, धड चालू नाही.