स्टीलचे बोंडले: उघड्या पन्हळीचे घ्यावे, बंद नळीचे नको

आमचे बाळ अपेक्षित तारखेच्या काही आठवडे आधी जन्मले आणि अंगावर नीट ओढण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. त्यामुळे मिरजेतील बालरोगतज्ज्ञांनी आईचे काढलेले दूध बाटलीऐवजी बोंडल्याने, म्हणजे बाळाला दूध पाजण्याच्या चोचीच्या छोट्या भांड्याने, पाजण्यास सांगितले. सांगलीच्या बाजारपेठेतील भांड्यांच्या दुकानातून त्यासाठी घेतलेल्या स्टीलच्या बोंडल्याविषयी हा अभिप्राय आहे.

दुकानात दोन घाट मिळाले. बारशाच्या आहेरात येणाऱ्या चांदीच्या बोंडल्यासारखे बंद नळीचे भांडे दिसायला देखणे असले, तरी नळीच्या आत चिकटलेले दूध ना दिसते, ना घासता येते. उघड्या पन्हळीच्या भांड्याचा प्रत्येक कोपरा बोटाने घासता येतो आणि ते सहज उकळता येते, म्हणून आम्ही तेच निवडले. दुकानदाराच्या मते त्यातून मधही चाटवता आला असता. मात्र बोटुलिझम या जिवाणूजन्य गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये.

पाजण्याची रीत आधी परिचारिकेकडून शिकून घ्यावी. बाळाला जरा उभट धरून पन्हळीचे टोक खालच्या ओठावर टेकवावे आणि दूध ओठांना लागेल इतपतच भांडे कलते करावे, म्हणजे बाळ आपल्या गतीने जिभेने दूध घेते. तोंडात ओतल्यास ठसका लागतो. घरातील ज्येष्ठांचा हात या कामात सराईत असतो, पण बहुधा घाईचाही असतो.

मोठी उणीव मापाची आहे. भांड्यावर मिलिलिटरच्या खुणा नाहीत आणि सुरुवातीला बरेच दूध लाळेऱ्यात जाते, त्यामुळे पोटात नेमके किती गेले हे कळत नाही. दूध आधी मापाच्या कपात मोजून घेतले, तरी खरा भरवसा डॉक्टरांकडील वजनावर आणि ओल्या लंगोटांवरच ठेवावा लागतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत साधारण सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. दुसरी उणीव काठाची. आम्हाला दाखवलेल्या एका नगाची कड खरखरीत होती, तेव्हा विकत घेण्यापूर्वी काठावरून बोट फिरवून पाहावे.

काढलेले दूध चार तास बाहेर टिकते असे सांगतात, पण ते सुमारे 25 अंश तापमानाला. सांगलीच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर याहून बरेच तापते, म्हणून लगेच पाजायचे नसल्यास दूध फ्रिजमध्येच ठेवावे आणि पाजण्यापूर्वी वाटी कोमट पाण्यात ठेवून त्याचा गारवा घालवावा. उकळलेले स्टील बराच वेळ गरम राहते, तेही पूर्ण निवू द्यावे.

नवजात बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. एक बोंडले उकळत असताना दुसरे हाताशी असावे लागते, त्यामुळे घेताना दोन घ्यावीत.