जनरलच्या डब्यातून कोकण रेल्वे, आता विजेवर
पाचपैकी चार स्टार.

मी डोंबिवलीत राहतो, घर कणकवलीकडे. शिमगा, मे महिना, गणपती आणि मधेच कोणाचं तरी बारावं, अशा वर्षाला पाच-सहा खेपा होतात. रिझर्व्हेशन मिळालं तर ठीक, नाहीतर ठाण्याहून जनरल. तेव्हा हे मत जनरलवाल्याचं. एसीवाल्यांनी आपलं वेगळं लिहावं.

जनरलचे डबे टोकाला, आणि एलएचबी (नव्या बनावटीच्या डब्यांच्या) गाडीत त्यांना चिकटून जनरेटरचा डबा. गाडीभरच्या दिव्या-पंख्यांची, एसीची वीज तिथे डिझेल जाळून व्हायची. गारवा मधल्यांना, घरघर आम्हाला. शेजाऱ्याशीही ओरडून बोलायचं. त्यात उक्षी-भोकेच्या मधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. तो आला की कोणीतरी म्हातारा हमखास ओरडायचा, "रे, काच ओढ!" तरी इंजिनाचा धूर आत यायचाच. डब्यातल्या घावण्यांनाही तोच वास.

२०२२ च्या मार्चमध्ये रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, ७४१ किलोमीटरचं विद्युतीकरण पुरं झालं आणि हळूहळू इंजिनं बदलली. आता डब्यांची वीजही इंजिनच तारेतून घेऊन देतं. जनरेटरचा डबा जोडलेला असला तरी गप्प. गेल्या गणपतीत करबुड्यात काचा उघड्या होत्या. ओल्या कातळाचा गार वारा येत होता, आणि दोन बाकं पलीकडची बाई सुनेला विचारत होती, "हळदीची पाना घेतलंस काय गो?" तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. एवढ्यासाठीच चार स्टार.

पाचवा राखून ठेवलाय तो मेहुण्यामुळे. तो विदर्भात मालगाडी चालवतो. रेल्वेला २०३० पर्यंत नेट झिरो व्हायचंय, म्हणजे कार्बनची बेरीज-वजाबाकी शून्यावर आणायचीय, हे मी त्याला कौतुकाने सांगायला गेलो, तर म्हणाला, "दाजी, तुमचं तिकीट माझ्या कोळशावर चालतं."

खोटं नाही. मध्यंतरी तिकिटावरच छापून यायचं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. बाकीची भर मुख्यतः मालगाड्यांच्या कमाईतून पडते, आणि रेल्वे जेवढे टन माल वाहते त्यात जवळपास निम्मा कोळसा. तारेतली वीजही अजून बरीचशी कोळशाचीच, म्हणजे माझ्या नाकातला धूर कुठल्यातरी औष्णिक केंद्राशेजारच्या माणसाच्या नाकात गेला. उद्या धोरणाप्रमाणे सौर आणि पवनऊर्जा वाढून कोळसा खरंच कमी झाला, तर हवा सुधारेल, पण माझ्या जनरलच्या तिकिटाची भर कोण घालणार? भाडं वाढेल, नाहीतर रस्त्यावरचा माल रुळावर आणावा लागेल. मला दुसरं परवडतं.

कोकणात ते थोडंफार चालूही आहे. कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात, १९९९ पासून. पूर्वी मी तिकडे बघायचोही नाही. हल्ली कोलाड आलं की खिडकीला नाक लावून ट्रक मोजतो. गेल्या खेपेला सत्तावीसपर्यंत पोचलो, तेवढ्यात चहावाला आडवा आला.